लोकरीची बैठक

शकुंतलेने ओणवं होऊन गालिच्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला. कातरलेल्या लोकरीचा एखादा धागा जरी राहिला, तरी अनू तो उचलून थेट तोंडात घालणार. लेकीचं आज उष्टावण. माजघरात बायका जमल्या होत्या, गालिच्यात विणलेल्या कुयऱ्यांवर ऐसपैस बसत होत्या. आणि जिने सगळ्यांच्या आधी बसायचं, ती सोनाबाई अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"आत या ना, सोनाबाई."

"मी हितंच बरी हाय की, वैनी."

सोनाबाई सांगोल्याकडची धनगरीण. लोकर तिनेच कातली, तिनेच रंगवली, आणि परसातल्या पडवीत उभ्या मागासमोर वर्षभर शकुंतलेच्या खांद्याला खांदा लावून गाठी मारल्या. पुण्याला कॉलेजात असताना एका बंगल्यात पाहिलेली इराणी नक्षी शकुंतलेने चौकटींच्या कागदावर उतरवली होती. सोनाबाईने तो कागद उलटसुलट करून पाहिला. "कैरी व्हय? मग देठ कुटं हाय हिचा?" एवढंच तिने विचारलं, आणि कामाला लागली.

गाठी दोघींनी मारायच्या आणि बसायचं मात्र एकीनेच? हे सासूबाईंना कसं सांगावं, याची शकुंतला सकाळपासून मनात जुळवाजुळव करत होती. कॉलेजच्या वादसभेत बक्षीस मिळवलेली ती. पण गोदावरीबाईंच्या सोवळ्यापुढे तिची जीभ टाळ्याला चिकटे. तिने लेकीला कडेवर घेतलं, घसा खाकरला.

"सासूबाई, सोनाबाईंना मी..."

"सोना," खिरीची वाटी घेऊन येत गोदावरीबाई म्हणाल्या, "दारात खांबासारखी उभी काय राहिलीस? बस जा गालिच्यावर. लोकरीला विटाळ नसतो."

दाराजवळच्या सतरंजीवरून चालत सोनाबाई आली आणि पदर सावरत गालिच्याच्या कडेला टेकली. तशा वकिलांच्या अनसूयाबाई लुगडं आवरत उठल्या आणि सतरंजीवर जाऊन बसल्या. शकुंतलेने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"अहो अनसूयाबाई, तिथं कुठं बसलात?" गोदावरीबाईंचा आवाज अगदी मऊ होता. "सतरंजी सुती. सोना आत्ता तिच्यावरूनच चालत आली की!"

कोणीतरी पदराआड खुदकन हसलं. चटका बसावा तशा अनसूयाबाई उठल्या. गालिच्यावर आता सोनाबाईच्या शेजारीच तेवढी जागा उरली होती.

खीर अनूच्या ओठांना लागली. अनूने तोंड वाकडं केलं, मग मिटक्या मारल्या, आणि बायका हसल्या. अनसूयाबाई सोनाबाईशेजारी ताठ बसून होत्या. हळूहळू त्यांचा हात खाली गेला. लोकरीवरून एकदा फिरला, मग उलट्या बाजूने फिरला, आणि तांबड्या रंगात गडद झालेल्या वळणापाशी थबकला.

"ही कुयरी," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही केलीत?"

शकुंतलेच्या हातातला चमचा वाटीतच थांबला.

"न्हाय, ती वैनींची," सोनाबाई म्हणाली. मग मांडी ऐसपैस घालत तिने मान वर केली. "तुमी जिच्यावर बसलाय, ती माजी."