भर दिवसा शुक्र

मोटार शिकवणाऱ्या बाईंनी पंचेचाळिशीत कॉलेजात नाव घातलं, तेव्हा धास्ती घेतली ती त्यांच्या लेकीनं. ती त्याच कॉलेजात होती. विज्ञानाचा एक तरी विषय घ्यावाच लागे, म्हणून दोघींनी एकमेकींना न विचारता एकच विषय घेतला होता: सूर्यमालेची ओळख. पहिल्या दिवशी आई वर्गात शिरली, तर मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, ह्याच शिकवणार. आईनं हातानंच सगळ्यांना खाली बसवलं आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसली. तेव्हापासून वर्गात तिचं नाव ‘मॅडम’ पडलं.

प्रश्न विचारायला मॅडमना कसलाच संकोच नव्हता. शनीची कडी कशानं टिकतात, गुरूवर उभं राहायला जमीन का नाही, एकदा सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत. सर खूश असत. लेक मागच्या बाकावर मान खाली घालून बसे.

सत्र संपत आलं तसं सरांनी काम दिलं. जोडीजोडीनं सूर्यमालेतलं काहीतरी वर्गाला दाखवायचं, पण पडद्यावर चित्रं लावून नाही. लेकीची जोडीदारीण मध्येच विषय सोडून गेली होती आणि आईला जोडीदारच नव्हता. सरांनी दोघींची मोट बांधली.

लेकीला पुठ्ठ्याचा शनी करायचा होता. आईला ते पटेना. खराखुरा शुक्र दाखवू, तोही सकाळच्या लख्ख उन्हात, असं तिनं जाहीर केलं.

“म्हणजे वर्गाला दिवसा तारे दाखवणार तू?” लेक म्हणाली.

“तारे नाही, ग्रह. फरक पहिल्याच तासाला शिकवलाय.”

शुक्र दिवसाही दिसण्याइतका तेजस्वी असतो, फक्त नेमकं कुठं बघायचं ते ठाऊक हवं, हे सरांनीच सांगितलं होतं. आईनं त्यांच्याशी बोलून अशी एक सकाळ निवडली, जेव्हा चंद्रकोर शुक्राच्या अगदी शेजारी असणार होती. ढग आले तर काय, असं बाबांनी विचारलं. आले तर जातील, असं म्हणून आईनं तो विषय संपवला.

ढग आले नाहीत. वर्ग ग्रंथालयामागच्या सावलीत उभा केला. सूर्य इमारतीआड राहील आणि चुकूनही कुणाची नजर त्याच्यावर जाणार नाही, म्हणून लेकीनं ती जागा हेरली होती. कोर सगळ्यांना सापडली. फळ्यावर अर्धवट पुसलेल्या खडूच्या रेघेसारखी फिकट होती. आता तिच्या डावीकडे, दोन बोटं अंतरावर बघा, आईनं सांगितलं. सगळे बघत राहिले. कुणालाच काही दिसेना.

आईलाही दिसेना. आवाज तिचा तसाच खणखणीत होता, पण ती पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होती, हे लेकीच्या लक्षात आलं. शुक्र आज रजेवर आहे का, असं मागून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

लेक पुढं आली. मोकळ्या निळ्या आकाशात नजर कुठं ठरत नाही, लांबचं बघतोय असं वाटतं पण डोळे जवळच थांबलेले असतात, हे तिला उमगलं होतं. तिनं कोरीवर नजर धरली. कोरीची कड धारदार दिसू लागली, तशी तिनं नजर सावकाश डावीकडे सरकवली. तिथं टाचणीच्या डोक्याएवढा पांढराशुभ्र ठिपका होता. इतका ठसठशीत, की आतापर्यंत कसा दिसला नाही याचंच तिला नवल वाटलं.

मग तिनं वर्ग हातात घेतला. एकेकाला जवळ बोलावून कसं बघायचं ते ती सांगू लागली. रजेची थट्टा करणारा मुलगा सगळ्यांत आधी ‘दिसला’ म्हणून ओरडला. सरांनाही दिसला. शेवटी आई राहिली. लेकीनं मागून तिचे खांदे धरले.

“घाई करू नको. आधी कोर. ती स्पष्ट झाली की नजर हळूच सोड. क्लच सोडतेस ना, तशी.”

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “दिसला गं.” मॅडम दोन शब्दांत थांबल्या, हे वर्गानं प्रथमच पाहिलं.

कल्पना कुणाची, असं वर्गातल्या कुणीतरी विचारलं. आईनं आपल्याकडे बोट दाखवलं आणि शुक्र शोधला मात्र हिनं, असं अभिमानानं सांगितलं. पुढच्या तासाला दुसरी तुकडी येणार होती. त्यांनाही दाखवाल का, असं सर म्हणाले, तर आईनं तोंड उघडायच्या आत लेक हो म्हणून मोकळी झाली आणि त्या मुलांना बोलवायला झपाझप निघाली. पर्स सावरत आई तिच्या मागून धावली.