पोरकीचा मालक

“हरणाचं इंजीन म्हणजे लोखंड आहे लोखंड. मागच्या उन्हाळ्यात रेडिएटर फुटला, तरी वीस किलोमीटर आणली मी गाडी,” असं म्हणून पैलवानाने टेबलावर थाप मारली, तसा माझ्या कपातला अर्धा चहा बशीत आला.

“आणि नंतर वीस दिवस गॅरेजात पडली होती, ते कोण सांगणार?” मामा म्हणाला. “गरुडाची ही भानगडच नाही. माझी मेकॅनिकशी ओळख आहे ती शेजारी म्हणून.”

आमच्या ट्रकअड्ड्यावरच्या टपरीत हा वाद रोज सकाळी चालायचा. आम्ही सात मालक. पैलवान धरून चौघांकडे हरणछाप गाड्या, मामा धरून तिघांकडे गरुडछाप. कंपन्यांच्या नावाने आम्ही इतके हमरीतुमरीवर यायचो की परक्या माणसाला वाटावं, यांची तिथे भागीदारी आहे. माझी गाडी हरण, म्हणून मी पैलवानाच्या बाकावर बसायचो. खरं सांगायचं तर माझी हरण दर महिन्याला काही ना काही काढायची. पण बायकोचं माहेर आणि आपल्या गाडीची कंपनी, यांच्याबद्दल चारचौघांत वाईट बोलायचं नाही, हे मी लग्नानंतर लगेच शिकलो होतो.

त्या दिवशी वाद जास्तच तापला होता, आणि त्याला कारण होतं. डोंगराअलीकडच्या कागद कारखान्याला वर्षभरासाठी ट्रक हवे होते. कारखान्याच्या साहेबांनी एक अट घातली होती. सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या पाहिजेत, म्हणजे सुटे भाग एकच ठेवता येतील. कुठल्या कंपनीच्या, ते परीक्षा घेऊन ठरणार होतं. शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी सारखा माल भरायचा, एकाच पंपावर डिझेल घ्यायचं आणि दुपारी एकच्या आत डोंगरापलीकडच्या गोदामात पोहोचायचं.

“आम्हीही येऊ का?” टपरीच्या दारातून आवाज आला.

बाटलीकाका उभा होता. नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट, हातात फडकं. आम्ही सगळे हसलो. मामा तर खोकला येईपर्यंत हसला.

हा माणूस आमच्यात चुकून आलेला होता. बत्तीस वर्षं त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, प्राध्यापक मागतील ते त्यांच्या हातात द्यायचं. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, याने जुना ट्रक घेतला. बरं, याला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. ट्रक चालवायची त्याची मुलगी. औषधाच्या दुकानात काउंटरमागे सहा वर्षं उभी राहून ती विटली होती आणि लहानपणापासून तिला एवढी एकच हौस होती. बापाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काही केलं, ते हे. मुलगी ड्रायव्हर, मालक स्वतःच क्लीनर.

गाडी तरी कसली घेतली? जिची कंपनी अठरा वर्षांपूर्वी बंद पडलेली. समोरच्या जाळीवरचं कंपनीचं चिन्ह कधीच पडून गेलं होतं, तिथे नुसती दोन भोकं. आम्ही तिला पोरकी म्हणायचो. आणि त्याला बाटलीकाका म्हणायचो ते त्याच्या एका खोडीमुळे. डिझेल भरायच्या आधी तो थोडं काचेच्या बाटलीत घ्यायचा, बाटली बंपरवर ठेवून पाच-दहा मिनिटं थांबायचा, मग उजेडात धरून बघायचा. मागे रांग लागायची, लोक हॉर्न वाजवायचे, पंपावरची पोरं कपाळाला हात लावायची. तो आपला बघतच असायचा.

“काका, साहेबांना कंपनी निवडायची आहे,” पैलवान म्हणाला. “तुमच्या कंपनीचं तर वर्षश्राद्धही होऊन गेलं.”

“परीक्षेला बसायला हरकत नाही, असं साहेबांनी फोनवर सांगितलंय,” तो शांतपणे म्हणाला आणि फडकं घेऊन परत गेला.

तो एवढा का अडून बसला होता, ते मला माहीत होतं. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. आठ महिन्यांत पोरकीला फुटकळ भाडी सोडली तर काही मिळालं नव्हतं. काकूंनी तेवढे महिने कळ सोसली आणि शेवटी निर्वाणीचं सांगितलं, की हे काम मिळालं नाही तर सोमवारी भंगारवाला गाडी घेऊन जाईल. काकूंच्या भावाने त्याला बोलावूनही ठेवलं होतं. मुलीसाठी औषधाच्या दुकानातली जागा अजून रिकामी होती. भिंतीपलीकडून मला काकूंचाच आवाज ऐकू आला.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही पंपावर पोहोचलो. कुणावर अन्याय नको म्हणून साहेबांनी सगळ्यांना टाक्या तळाला लावूनच बोलावलं होतं. साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. हातातल्या कागदावर खुणा करत उभे होते. पहिला नंबर पोरकीचा लागला. बाटलीकाकाने बाटली काढली.

“झालं, आता पूजा मांडली,” मामा पुटपुटला.

दहा मिनिटं गेली. काकाने बाटली उजेडात धरली आणि त्याचा चेहरा बदलला. तो सरळ आमच्याकडे आला.

“यात पाणी आहे,” तो म्हणाला. “हे बघा, खाली वेगळा थर दिसतोय. असं डिझेल भरू नका.”

आम्ही बाटली बघितली. खाली बोटाच्या पेराएवढा काहीतरी पांढुरका थर होता खरा. मला तो दिसला. मी खोटं बोलत नाही, मला तो स्पष्ट दिसला.

पैलवानाने बाटली हातात घेतली आणि मामाकडे बघून म्हणाला, “मामा, तुझ्या गरुडाला सोसणार नाही बाबा हे. तू दुसरीकडे भर. हरण काहीही पचवते.”

आता यावर मामा गप्प बसतो होय? “माझ्या गरुडाने याच्यापेक्षा घाणेरडं डिझेल प्यायलंय,” तो म्हणाला. “भर रे, टाकी फुल कर.”

गरुडाची टाकी फुल झाली म्हटल्यावर हरणाची राहते कशी? एकामागून एक सातही गाड्या भरल्या. माझी पाचवी. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर पैलवानाने जन्मभर ऐकवलं असतं, की याचा स्वतःच्या गाडीवर भरवसा नाही.

काका साहेबांकडे गेला. “साहेब, डिझेल इथलंच घेतो, पण निवळून घेतो. चालेल का? वेळ लागेल.”

“एकच्या आत पोहोचायचं. कधी निघायचं, ते तुमचं तुम्ही बघा,” साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसून पुढे गोदामाकडे निघून गेले.

आम्ही निघालो तेव्हा बापलेक पंपाच्या कोपऱ्यात सहा कॅन ओळीने मांडून बसले होते. कुणी कॅनला हात लावू नये म्हणून मुलगी राखण करत होती. बाप रबरी नळी पुसत होता. आम्ही जाताना हॉर्न वाजवले, कौतुकाने नव्हे.

डोंगर सुरू होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिसऱ्या वळणावर माझ्या हरणाने पहिला आचका दिला. मग दुसरा. मी गिअर खाली घेतला, तर ती खोकली, थरथरली आणि बंद पडली. खाली उतरून बघतो तर पुढच्या वळणावर पैलवानाची हरण उभी, आणि तिच्याही पुढे, वर चढावर मामाचा गरुड. मागून आणखी एक गरुड धापा टाकत आला आणि माझ्यामागे गप्प झाला. अर्ध्या तासात सात गाड्या त्या चढावर, जत्रेत हरवल्यासारख्या, जागोजाग उभ्या होत्या.

सात मालक एकत्र जमले. आता कुणाला वाटेल, शरमेने माना खाली घातल्या असतील.

“तुझी आधी बंद पडली,” पैलवान मामाला म्हणाला.

“माझी पुढे आहे, म्हणजे जास्त चालली. हिशोब कळतो का?”

“तू आधी निघाला होतास.”

“चढावर दोनशे पावलं जास्त चढली माझी. मोजून ये.”

आणि पैलवान खरोखर पावलं मोजायला निघाला. तेवढ्यात खालून इंजिनाचा आवाज आला. एकसुरी, जड, कसलीही घाई नसलेला. साडेअकरा वाजले होते. वळणावरून पोरकी आली. समोर ती दोन भोकं, आत मुलगी, दोन्ही हात चाकावर आणि नजर रस्त्यावर. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण बाकीचे सांगणार नाहीत. हीसुद्धा बंद पडावी, असं आलं. मग ती माझ्या शेजारून गेली, तिच्या इंजिनाची धडधड माझ्या छातीत जाणवली, आणि मला कळायच्या आत मी ओरडलो, “जाऊ दे पोरी, सोडू नकोस.”

काकाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. प्रत्येक गाडीजवळ येताच तो तेच सांगत होता. “टाकीखालचा बोल्ट ढिला करा. पाणी भांड्यात घ्या, रस्त्यावर नको. स्टार्टर मारत बसू नका. आम्ही माल उतरवून येतो.”

“अगं थांब ना, थोडं चांगलं डिझेल तरी दे,” पैलवान गाडीबरोबर धावत म्हणाला.

“चढावर भरलेली गाडी थांबवायची नाही, पैलवानकाका,” ती आतून म्हणाली. “पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं.”

पोरकी वरच्या वळणावर दिसेनाशी झाली. नंतरही बराच वेळ आवाज येत राहिला. आम्ही सगळे तो ऐकत उभे होतो. शेवटी आवाज हलका झाला, म्हणजे माथा आला, उतार लागला. मामाने टोपी काढून डोकं पुसलं आणि कुणाकडेही न बघता बोल्ट ढिला करायला गाडीखाली शिरला.

बारा पन्नासला ती गोदामात पोहोचली. तीन वाजता रिकामी गाडी घेऊन बापलेक परत आले, कॅनमध्ये चांगलं डिझेल घेऊन. इस्त्रीचा शर्ट तसाच ठेवून काका एकेका गाडीखाली झोपला. फिल्टर धुतला, नळीतली हवा काढली, झाकणं पुसून बसवली. हरण आधी की गरुड आधी, असं काही केलं नाही, रस्त्यात जी पुढे आली ती घेतली. एकदाही म्हणाला नाही, की मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. पंपाच्या मोठ्या टाकीचं झाकण नीट न लावल्याने गाड्या धुतलेलं पाणी आत गेलं होतं, असं पंपवाल्याने दुसऱ्या दिवशी कबूल केलं.

संध्याकाळी सातला सातही गाड्या गोदामात लागल्या. साहेबांनी सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं. खोली लहान, एक टेबल, त्यांची खुर्ची आणि समोर एक खुर्ची. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. दारात मुलगी, तिच्या पुढे काका, शर्टावर काळे डाग.

साहेबांच्या समोर छापील कागद होता. “कंपनीच्या रकान्यात काय लिहू?” त्यांनी विचारलं. “तुमची कंपनी तर बंद आहे.”

पैलवानाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेलं सगळं. एवढं करून एका रकान्यात अडकणार हा माणूस.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ठीक आहे, ते सोडा. मला सल्ला द्या. आठ गाड्या हव्या आहेत. एक तुमची, ती ठरली. बाकी सात कुठल्या कंपनीच्या घेऊ?”

मामा छताकडे बघायला लागला. एक शब्द, आणि आमच्यातले निम्मे वर्षभर घरी बसले असते. निम्मे कशाला, त्याने सातही जणांना घरी बसवलं असतं तर आम्हाला तक्रार करायला तोंड नव्हतं. काका टेबलासमोर उभा होता, हात पुढे एकमेकांत धरलेले. बत्तीस वर्षं असाच उभा राहिला असेल तो, कुणीतरी काहीतरी मागेल म्हणून. त्याला वस्तू मागितल्या होत्या, मत कुणी मागितलं नव्हतं. साहेबांना बहुतेक ते कळलं. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

“बसून बोला.”

“नाही, ठीक आहे,” तो म्हणाला. “कपडे खराब आहेत माझे.”

“बाबा, बसा,” मुलगी म्हणाली.

तो बसला. आधी टोकावर, मग नीट मागे सरकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. घाई न करता त्याने आमच्याकडे एकदा नजर फिरवली, पैलवानाकडे, मामाकडे, माझ्याकडे.

“या सातही घ्या,” तो म्हणाला. “गाड्या दोन्हीकडच्या चांगल्या आहेत. डिझेल मात्र रोज मी बघणार. मी हो म्हणेपर्यंत कुणी टाकी उघडायची नाही.”

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. “एकाच कंपनीची माझी अट मी सोडतो. यांची अट मान्य आहे?”

पैलवान आणि मामा एकाच वेळी “हो” म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालेलं मी ऐकलं. साहेब लिहू लागले. काकाने मग टेबलावर किंचित पुढे झुकून काय लिहितात ते वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ड्रायव्हरच्या जागी माझ्या मुलीचं नाव पूर्ण लिहा.” साहेबांनी ते खोडून पुन्हा लिहिलं. तेवढा वेळ आम्ही सातही मालक उभे होतो.