बाबांनी धुतलेले रुमाल

घडी उलगडली तरी तिची रेघ काही मोडत नाही... पांढरा, चार पदरी, कडेला कड जुळवलेला रुमाल, बाबांच्या इस्त्रीखालून निघालेला. तो चिमट्यात धरून, नाकापासून दोन बोटांवर आणून ती वास घेत होती. काही नाही. कापसाचा असेल, फार तर इस्त्रीचा. तिने पुन्हा नाक जवळ नेलं. काहीच नाही.

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला मात्र वास आला होता. त्याला सगळे पाठीमागे नाकाड्या म्हणत, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात तो बर्फ मागायला आला तेव्हा पेशी वाढवायच्या तिच्या उबदार पेटीचं दार उघडं होतं. "तुम्ही लोकांनी लॉन्ड्री काढलीय की काय इथे?" तो म्हणाला. ती हसली, आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

कारण कित्येक महिने ती डोकं धरून बसली होती. तिच्या काचेच्या तबकड्यांत यकृताच्या पेशी वाढत, आणि त्यांना खेटून त्या दुसऱ्या, चांदणीच्या आकाराच्या, एरवी पोटात तेलाचे थेंब सांभाळत स्वस्थ पडून असणाऱ्या. अर्ध्या तबकड्यांत ती विषारी द्रावण सोडायची. उरलेल्या अर्ध्यांना विषाचा वाराही लागू द्यायची नाही. द्रावण पडलं की व्हायचं ते व्हायचं. यकृताची पेशी विष मोडायला धावते, मोडतानाच त्यातून आणखी जहाल काहीतरी सुटतं, मग ती आपल्याजवळचा ग्लुटाथायोनचा, म्हणजे विष निकामी करणाऱ्या द्रव्याचा, साठा काढते आणि त्याच्यापुढे टाकते, टाकत राहते... साठा आटला की फुटते. मग शेजारच्या चांदण्या जाग्या होतात, जवळचं तेल टाकून देतात आणि जखम सांधायच्या घाईत चिवट धागे विणत सुटतात. ते धागे म्हणजे व्रण. इथवर सगळं ठीक होतं. पण विष न दिलेल्या तबकड्यांतही तेच होत होतं, थोडं कमी, पण तेच. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई एकदा म्हणाल्या, "तुझा हात अजून बसला नाही का गं?" तो शब्द तिला फार लागला होता.

आणि तबकड्यांखाली हे रुमाल होते.

"पाण्यात धुतले की तंतू सुटतात, ताई," बाबा म्हणाले होते. थोरली म्हणून घरात सगळे तिला ताईच म्हणत, बाबासुद्धा. "तुझ्या कामाला असलं चालायचं नाही. मी देतो धुऊन." त्यांच्या दुकानातल्या ड्रायक्लीनिंगच्या यंत्रात ताजं द्रावण ओतलं की पहिली फेरी तिच्या रुमालांची, गिऱ्हाइकांचे कोट नंतर. तिने थेंबाथेंबाने मोजायचं तेच द्रावण बाबा बालदीने ओतत आले होते, आणि तेच गरम, बंद पेटीत रुमालांतून हळूहळू सुटत होतं... मीच नेऊन ठेवत होते. मलाच कसा आला नाही वास? पण तो वास बाबांच्या सदऱ्याला होता, तिच्या शाळेच्या गणवेशाला होता, उशीच्या अभ्र्याला होता. तिच्या लेखी तो वास नव्हताच कधी; ते घर होतं.

तिने रुमाल पिशवीत घातला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. विष न दिलेल्या तबकड्यांखालचे रुमाल तिने नाकाड्या बोलला त्याच दिवशी काढून टाकले होते आणि त्या तबकड्या वेगळ्या पेटीत ठेवल्या होत्या. आता त्यांतल्या चांदण्या आखडून बसल्या होत्या, पुष्कळशा तरी. पोटात तेलाचे बारीक थेंब पुन्हा धरले होते, मधले धागे विरळ झाले होते. ती बराच वेळ बघत राहिली, आणि तिला एकदम रडू आलं, कारण डॉक्टरांचे शब्द हेच होते. बाबांच्या यकृताचे रिपोर्ट उजेडाकडे धरत ते म्हणाले होते, व्रण धरलाय, पण अजून परतीची वाट आहे. ती द्रावणाची वाफ मात्र आजपासून बंद. बाबा तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचे कपडे मोजले जात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे दुकानात गेले.

दुपारी ती दुकानात पोचली तेव्हा यंत्र फिरत होतं. गोल काचेमागे कुणाचा तरी करडा कोट वर जाई आणि धपकन खाली पडे. तिने पिशवीतून रुमाल काढून बाबांपुढे धरला.

"वास घ्या."

त्यांनी घेतला. "कसलाच नाही. स्वच्छ आहे की."

"मलाही येत नाही, बाबा." हे मोठ्याने म्हटल्यावर तिला खरी भीती वाटली. "पण त्यात द्रावण आहे. त्यानं माझ्या पेशी मेल्या. ज्यांना मी विष दिलंच नव्हतं, त्या."

बाबांनी रुमाल टेबलावर ठेवला, तळव्याने सरळ केला. स्वतःच्या यकृताचं ज्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, त्यांचा चेहरा आता पडला.

"म्हणजे तुझं काम मी नासवलं?"

"दोघांनी मिळून."

"मग हे पाण्यात धुवायचे."

"पाण्यातच. आणि बाबा, हे यंत्र..."

"ते गिऱ्हाइकांचं आहे," ते म्हणाले. "कोट पाण्यात घातला तर आटेल, लोक माझ्या नावानं शिमगा करतील."

त्यांनी बालदी नळाखाली धरली आणि रुमाल बुडवून, बाह्या वर सारून, चोळायला घेतला, लहान मुलाचं अंग चोळावं तसा. पाठीमागे करडा कोट वर चढत होता, पडत होता. तिने घरून निघतानाच बोलायचं सगळं जुळवून आणलं होतं, साठा कसा आटतो, धागे कसे विणले जातात, नीट, त्यांना समजेल असं. त्यातलं एक अक्षर तिला आता नको वाटलं. त्यांना पटेल, मग ते थांबतील, याची आपण वाट बघत बसलो... तिकडे चांदण्यांना कुणी काय पटवून दिलं होतं? रुमाल काढला, एवढंच.

"ही फेरी संपायला किती वेळ?" तिने विचारलं.

"होईल इतक्यात. का?"

"पुढची मी लावू देणार नाही."

"आणि उद्या?"

"उद्याही येईन."

बाबा रुमाल पिळत राहिले. तिने स्टूल ओढलं आणि यंत्राच्या बटणापाशी बसली. राग कुठे गेला कळलं नाही, विनवणीही गेली होती. ती खोल श्वास घेत होती, एकेक, शोधत... आणि मग काहीतरी पुसट, गोडसर, घशाला किंचित झोंबणारं आलं, की आल्यासारखं वाटलं, तिला ठरवता येईना. पण आयुष्यात पहिल्यांदाच या दुकानात तिला घरी आल्यासारखं वाटलं नाही, आणि ती उठली नाही.