समुद्रातले ठिपके

माझी धाकटी जाऊ हवा मोजते आणि मी नदीचं पाणी. ऑफिस एकच, खाती वेगळी, तरी घरीदारी तुलना आमचीच. त्यात साहेबांनी ठरवलं, की सगळ्यांच्या सेन्सरची माहिती एकाच खुल्या मानकानुसार, ठरलेल्या साच्यात लिहायची, म्हणजे ती एका नकाशावर बसेल. सगळं जोडायचं काम अर्थातच जाऊबाईंकडे! तेव्हापासून माझ्या पोटात दुखत होतं.

बैठकीत तिने नकाशा उघडला. माझ्या सेन्सरचे निळे ठिपके नदीकाठाने शहाण्यासारखे उभे होते. तिचे लाल ठिपके मात्र थेट भर समुद्रात! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अगं, आधी अक्षांश, मग रेखांश. मानकात स्पष्ट लिहिलंय," सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी म्हटलं. "की आता माशांची हवा मोजतेस?"

सगळे हसले. ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं, लगेच नीट करते."

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "एवढी हुशार तू, आणि हे कसं गं झालं?"

"ताई, काल तुमचे ठिपके समुद्रात होते. तुम्ही रेखांश आधी लिहिले होते. ते उलटवायला गेले आणि घाईत माझेही उलटले."

"मग आत का नाही बोललीस?"

"असू दे हो, घरातलंच आहे."

मेली चुकते तीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली!