पडद्यामागचा रिकामा खल

टिण्… टिण्… टिण्. पाथरवटाच्या टाकीचा हा आवाज मी ऐकला, तेव्हा मी नुसता एक काळा दगड होतो. त्याने मला सावकाश पोखरलं, आत हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "झाला खल." बत्ताही त्याच दगडाचा. म्हणजे माझा सख्खा भाऊच. जन्मभर डोक्यात घालत आला, ती गोष्ट वेगळी.

तर मी खल बोलतोय. सावकाश बोलतो, सांभाळून घ्या.

माझी पहिली नोकरी एका स्वयंपाकघरात झाली. मिरे, लसूण कुटायचो. कुणाला खोकला झाला की आजीबाई माझ्यात सुंठ घालायच्या. घशाला बरं वाटायचं. त्याहून मोठी बढाई ना त्यांनी मारली, ना मी. मग घरात मिक्सर आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून भंगारवाल्याकडे, आणि तिथून गुणकाकांकडे.

"गुण येणार" हे त्यांचं पालुपद, म्हणून गुणकाका. दोन खोल्या, मधे पडदा. बाहेर काका नाडी पाहतात, आत मी. मोठमोठ्या दुखण्यांची माणसं येतात. पूड बाजारातून पोत्याने तयार येते, पण कुटल्याचा आवाज आल्याशिवाय औषध ताजं वाटत नाही. म्हणून पडद्याआड काकू मला रिकामाच कुटतात. हात बत्त्यावर, डोळा दुधावर. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र त्या चुकवत नाहीत. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे.

ज्यांना बरं वाटतं, ते काकांना सांगायला येतात. ज्यांना नाही, ते येत नाहीत. पुढे पुढे त्यांना येताच येत नाही. त्यामुळे काकांच्या कानावर आजवर एक तक्रार नाही. माझं मागणं एवढंच, की कुटायचं तर कुटा, पण माझ्यात काहीतरी घाला.

परवा शिवणकाम करणारी एक बाई नवऱ्याबरोबर आली. छातीत गाठ. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळेत काढली तर बऱ्या व्हाल, उशीर करू नका. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. नवऱ्याने सुरीची धास्ती घेतलेली. माणूस वाईट नव्हता, बायकोसाठी घरून पाणी उकळून आणलं होतं. पण काकांनी सांगितलं, सुरी लागली की गाठ चिडते, आणि त्याने ऑपरेशन रद्द करायचं ठरवून टाकलं.

तेवढ्यात आत दूध उतू आलं. काकू धावल्या, मी गप्प झालो. काकांनी बाहेरून हाक दिली, "चालू राहू द्या."

बाईचा स्वभाव कामाला हातभार लावण्याचा. पडदा सारून ती आत आली. "द्या काकू, मी कुटते," म्हणत तिने बत्ता उचलला आणि वाकून पाहिलं. मी तरी काय लपवणार? जन्मापासून माझं तोंड उघडंच.

"यात तर काहीच नाही," ती म्हणाली.

काकू दूध ढवळत राहिल्या.

"सूक्ष्म असतं ते, ताई," बाहेरून काका म्हणाले. "डोळ्यांना दिसायचं नाही."

"ऐकलंस ना?" नवरा म्हणाला. "सूक्ष्म असतं."

"गाठ हाताला लागते हो माझ्या."

तिने बत्ता माझ्यात अलगद ठेवला, इतका की आवाजही झाला नाही. पडदा तसाच उघडा टाकून ती बाहेर गेली. काकांनी पुडी पुढे केली, ती नवऱ्याने सवयीने घेतली. तिने त्याच्या मांडीवरची रिपोर्टांची पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागली.