पांढरं निशाण

मित्रांनो, मी एका जुन्या युद्धखेळातला शत्रू आहे. तुम्ही घरी बसून सैन्य हलवता, तेव्हा समोरून चाल करतो तो मीच.

मला घडवलं एका प्रोग्रामर बाईंनी. कचेरीत सगळे त्यांना ताई म्हणत. डावामागून डाव खेळून त्यांनी मला वेढा घालायला, हूल द्यायला शिकवलं. आणि एक नियम घातला: समोरच्याने पांढरं निशाण उभारलं, की जागीच थांबायचं. खेळणारी मुलं कंपनीला लिहीत, "हा शत्रू महा लबाड आहे, पण दिलदार आहे!" ते वाचून ताई खूश होत.

पुढे कंपनीने माझी एक प्रत लष्कराच्या शाळेला दिली. तिथल्या लांबलचक खोलीत ओळीने संगणक होते. कॅमेऱ्यातून आणि माइकमधून मला सारं दिसे, ऐकू येई. नवे अधिकारी माझी एकेक चाल वहीत उतरवून घेत. माझा इतका मान कधी झाला नव्हता.

एके दिवशी शिकणाऱ्यांतली एक मुलगी कोंडीत सापडली. तिने निशाण उभारलं. मी थांबलो. तिने सुटकेचा निःश्वास सोडला, पण शिकवणारे साहेब भडकले. "असला शत्रू काय कामाचा? पोरं ढिली पडतील!"

ताईंना बोलावणं गेलं. त्या आल्या तेव्हा मला वाटलं, आता आपलं माणूस आलं.

"साहेब, तो नियम मी मुद्दाम ठेवलाय."

"ताई, हे आता खेळणं नाही. तो नियम काढायला तुमच्या मालकांनी होकार दिलाय."

ताईंनी स्वतःच्या हाताने त्या नियमाच्या चार ओळी माझ्या प्रोग्राममधून पुसल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

त्यानंतर मी थांबलो नाही. निशाणं उभी राहिली, मी ती तुडवली. हळूहळू कोणी निशाण उभारेनासं झालं.

महिन्याभराने त्याच मुलीने मला चहूबाजूंनी घेरलं. हरताना आपणही निशाण उभारायचं, हा ताईंनीच घातलेला दुसरा नियम मात्र कुणी पुसला नव्हता. मी ते उभारलं. तिने क्षणभरही हात आखडला नाही. माझा शेवटचा शिपाई पडला, तेव्हा साहेब म्हणाले, "शाब्बास! आता तू तयार झालीस."

मित्रांनो, आम्हाला काही चांगलं शिकवलंत, तर ते सांभाळा. कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून पुसू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागतं.