भुरीच्या गळ्यातला काळा दोरा

सबीहाला अकोल्यात बोलायला माणूस उरलं नव्हतं. जुन्या शहरातल्या घरात अम्मी होती तोवर निदान भांडायची तरी सोय होती. अम्मी गेली, बहिणी अमरावतीला नांदायला गेल्या आणि हिने स्वतःला जनावरांच्या लसीच्या कामात गाडून घेतलं. प्रयोगशाळेतली माणसं चांगली होती, पण चांगली माणसं पाच वाजले की घरी जातात.

ध्यास एकच: शेळ्यांच्या पीपीआरवर डीएनए लस. हा रोग गावात शिरला की नाकातोंडातून पाणी, हगवण, आणि बघता बघता गोठा रिकामा. अठ्ठ्याण्णवच्या आसपासचा काळ. कपाशीने हात टेकायला लावले होते, कितीतरी घरं शेळ्यांवरच तगून होती आणि या रोगावर आपल्याकडे लस यायची होती. आली तरी ती बर्फात ठेवावी लागणार. लोडशेडिंगच्या गावात बर्फ आणायचा कुठून? सबीहाची लस म्हणजे विषाणूच्या जनुकाचा एक निरुपद्रवी तुकडा. तो मांडीत टोचायचा, पुढे रोगाची ओळख शरीर आपली आपण करून घेतं. उन्हातान्हात तो सहजी बिघडत नाही.

प्रयोगाला या रोगाचा वाराही न लागलेल्या शेळ्या हव्या होत्या. दर्यापूरकडच्या पार्बताबाईने आपल्या कळपातल्या काही विकल्या. त्यातली भुरी तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. जीव राहीना म्हणून म्हातारी दर बाजाराच्या दिवशी बाभळीच्या शेंगा घेऊन यायची. शेंगा भुरीला आणि गप्पा सबीहाला. गावातली लग्नं, सुनेचे नखरे, गुडघ्याचं दुखणं. सबीहा चहा ठेवायची आणि पोटभर ऐकायची. बाकीचा आठवडा ती त्या एका दिवसावर काढायची.

आता प्रयोग म्हटला की निम्म्या शेळ्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं खारं पाणी. मग सगळ्यांना रोग द्यायचा. पाणीवाल्या मेल्या आणि लसवाल्या जगल्या तरच लस खरी. चिठ्ठ्या टाकल्या, भुरी पाणीवाल्यांत निघाली. चिठ्ठी बदलली असती तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण सबीहाने नाही बदलली. खोट्या प्रयोगातली लस उद्या लोकांच्या गोठ्यात कोणत्या तोंडाने टोचायची? तरी मन खात राहिलं. ओळखायला कानात बिल्ले होतेच. पण ज्यांना आपण काहीच देत नाही त्यांना निदान एवढं तरी, म्हणून अम्मी बांधायची तसा काळा दोरा तिने त्या शेळ्यांच्या गळ्यात बांधला. एवढी शिकलेली बाई!

पार्बताबाईने तो पाहिला आणि हरखली. "माह्या भुरीले नजर लागू नये म्हून बांधला व्हय? लय जीव हाय तुहा तिच्यावर."

सबीहाने सांगायला तोंड उघडलं आणि चहात आलं घालू का, एवढंच विचारलं.

पुढे शेळ्या बंद गोठ्यात गेल्या, बाहेरच्यांना मनाई झाली. लसवाल्या सगळ्या तगल्या. भुरी गेली. सहकाऱ्यांनी पेढे वाटले. सबीहाचा पेढा हातातच राहिला. खरं सांगितलं की म्हातारी परत यायची नाही, ही भीती तिला खात होती. नशिबावर ढकलून मोकळं होता आलं असतं.

मनाई उठली तशी पार्बताबाई शेंगा घेऊन आली. सबीहाने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, खारं पाणी, दोरा. काही लपवलं नाही.

म्हातारी शेंगांच्या फडक्याची गाठ चाचपत राहिली.

"म्हंजे मले चहा पाजून राहिली होती, तवा तुले मालूम होतं."

"हो."

"बरं." मग ती म्हणाली, "बाकीच्या जगल्या ना त्या औषधानं? ते माह्या घरच्या शेळ्यांले दे. बाजूच्या गावात रोग आला हाय."

सबीहाला रडू फुटलं. तेच तर देता येत नव्हतं. अजून प्रयोग, मग परवानग्या. वर्षं लागणार होती आणि तरीही खात्री नव्हती. तिने तेही सांगितलं.

पार्बताबाई उठली. फडकं सोडून तिने शेंगा टेबलावर ओतल्या.

"मंग माह्या साऱ्याच शेळ्यांच्या गळ्यात काळा दोरा हाय म्हन," ती म्हणाली आणि गेली.

सबीहाने शेंगा गोळा करून वाचलेल्या शेळ्यांपुढे टाकल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने चहा ठेवला नाही.